‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर घरांचे पत्ते कसे भरावेत, यावरच्या माझ्या लेखाला एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते : “गल्लोगल्ली हिंडून दारावरचे आकडे टिपत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, सरकारी यादी एकदा आयात केली की विषय संपला.” शिवाय खासगीपणा आणि पोस्टल कोड यांबद्दल काही, आणि माझ्या ‘शिकवण्याच्या सुरा’बद्दल बरंच काही.

महोदय, आधी तुमच्या सुराबद्दल बोलू. मतभेदाला माझी अजिबात हरकत नाही. पण नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी उन्हातान्हात पायपीट करून जे लोक हा नकाशा भरतात, त्यांना रिकामटेकडे म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? हा नकाशा कित्येक ॲपच्या पोटात आहे. बहुधा तुम्हीही तो फुकट वापरत असाल. ‘मला आयात जास्त सोयीची वाटते’ एवढंच लिहिलं असतं तर मुद्दा पोचला नसता का?

पोस्टल कोडचं तुमचं म्हणणं रास्त आहे. तो प्रत्येक घराला लावायचा की हद्दीला एकदाच, हे देशोदेशी वेगळं असतं. तशी ओळ लेखात घातली आहे.

आता तुमचं ‘विषय संपला’. मी हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही. वॉकिंग पेपर्सचे नकाशे कागदावर छापून घ्यायचे, चालता चालता पेन्सिलीने नंबर लिहायचे आणि घरी येऊन तो कागद स्कॅन करायचा, त्या काळापासून मी हे काम करते आहे. जागेवर उभं राहूनच नोंदी भरायचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप फोनवर आलं ते फार नंतर. यादी आणि जागा यांत काय फरक असतो, तो मी पायाखाली घातला आहे.

यादीत घर म्हणजे एक ओळ : रस्त्याचं नाव, नंबर, आणि असलेच तर अक्षांश-रेखांश. तो बिंदू पुष्कळदा भूखंडाच्या मध्यावर पडतो. आता कोपऱ्यावरचं एक घर डोळ्यांपुढे आणा. लांब बाजू मोठ्या रस्त्याला, पण तिथे सलग कंपाउंडची भिंत. फाटक मागच्या बोळात, आणि नंबरही त्या बोळाचाच. बिंदूला जवळचा पडतो मोठा रस्ता, म्हणून वाट दाखवणारं ॲप माणसाला भिंतीसमोर उभं करून ‘पोहोचलात’ म्हणतं. त्या जागी रुग्णवाहिका असली तर? जो स्वतः तिथे गेला आहे, तो फाटकावर प्रवेशद्वाराचा बिंदू टाकतो, पत्ता तिथे लावतो, आणि ॲडर:स्ट्रीट या टॅगमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या रस्त्याच्या रकान्यात, बोळाचं नाव नकाशातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून लिहितो. तुमच्या यादीला ते फाटक दिसत नाही.

नंबरांचंही तेच. दोन भूखंड एक झाले आणि दारावर 7-9 अशी एकच पाटी लागली, तरी जुन्या यादीत 7 आणि 9 वेगवेगळे नांदत राहतात. टोकाचे नंबर देऊन मधले मोजून घेणारी इंटरपोलेशनची रेघसुद्धा अशा ठिकाणी नसलेलं घर उभं करते. पाटी वाचायला माणूसच जावा लागतो.

आयातीला माझा विरोध आहे, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. लेखात तसं एक वाक्य दाखवा. नेदरलँड्समध्ये पत्ते आणि इमारती सरकारी नोंदवहीतूनच आल्या आणि ते काम उत्तम झालं. पण आयात म्हणजे फाइल ओतणं नव्हे. आधी स्थानिक नकाशाकारांशी चर्चा, आयातीसाठी वेगळं खातं, मग लोकांनी पायी जाऊन केलेल्या जुन्या नोंदींशी ताळमेळ, असा तो क्रम आहे. अमेरिकेत टायगर ही जनगणना विभागाची रस्त्यांची माहिती 2007-08 मध्ये घाऊक आणली गेली. जागेवरून सरकलेले रस्ते, प्रत्यक्षात नसलेले रस्ते, हे सगळं निस्तरणं पुढे वर्षानुवर्षं चाललं. ते कुणी निस्तरलं? ज्यांना तुम्ही रिकामटेकडे म्हणता, त्यांनीच.

खासगीपणावर मी लांबण लावणार नाही. दारावरचा नंबर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतो. राहणाऱ्याचं नाव नकाशात जात नाही आणि जाऊही नये. माझ्या सुराबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्याला उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही.

एक मात्र विचारते. ‘सरकारी यादी’ म्हणजे नेमकी कुठली? 2012 पासून हा नकाशा ओडीबीएल या खुल्या माहितीच्या परवान्याखाली आहे. त्याच्याशी न जुळणारी माहिती त्यात घालता येत नाही. एखादी यादी संकेतस्थळावर उघडी दिसते, म्हणजे ती उचलायला मोकळी आहे असं होत नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत परवाना हा शब्द एकदाही आलेला नाही. यादीचं नाव आणि तिचा परवाना लिहून पाठवा. मी स्वतः बसून तपासेन, आणि चांगली निघाली तर आयातीच्या चर्चेत तुमच्या बाजूने उभी राहीन. भाषा तेवढी सांभाळा.