२४ च्या जागी ४० हर्ट्झ का दिसतंय (एका कमेंटला लांबलचक उत्तर)

नमस्कार. कमेंट तिखट आहे, पण आकड्यांसकट लिहिलीत ते बरं केलंत, नुसतं "चालत नाही" लिहिणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला किती रीडिंग घेतली ते, चुकलं तर नंतर फिल्टर मारून सुधारत नाही. यांनी १४४० आरपीएमच्या (म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्यांच्या) मोटरवर एडीएक्सएल३४५ हा कंपन मोजायचा सेन्सर बसवला, आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या लूपमध्ये डिले २ टाकून रीडिंग सिरियलवर प्रिंट केली आणि ५०० हर्ट्झ धरून १०२४ सॅम्पलची एफएफटी काढली (सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं गणित). टोक यायला हवं होतं २४ ला, आलं ४० ला, वर १२७ आणि २०७ ला दोन छोटी टोकं, आणि शून्यावर असा खांब की बाकी काही दिसतच नाही. यावर यांचं म्हणणं की मी सॅम्पलिंगचा उगाच बाऊ केलाय, पायथनमध्ये ५० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचं सगळं कापणारा फिल्टर) मारा, हॅन विंडो (सॅम्पलची दोन्ही टोकं शून्याकडे उतरवणारा गुणक) लावा, विषय संपला. आणि जाता जाता टोमणा, की माझ्या कोडवर १०२४ सॅम्पल यायला ३.४ सेकंद लागतात, एवढा स्लो.

अहो, त्या टोमण्यातच उत्तर आहे की. १०२४ भागिले ३.४ करा, साधारण ३०० येतात. म्हणजे तुमचं सॅम्पलिंग ५०० नव्हतंच, ३०० होतं. डिले २ म्हणजे दर २ मिलिसेकंदांनी रीडिंग असं नसतं, २ मिलिसेकंद नुसतं थांबणं आणि वर कामाला लागेल तो वेळ वेगळा, त्यात आय-टू-सी (सेन्सर आणि बोर्ड बोलतात ती दोन तारांची लाइन) १०० किलोहर्ट्झवर असेल तर तीन अक्षांचे सहा बाइट वाचण्यातच जवळपास एक मिलिसेकंद जातो, मग आकड्यांचं टेक्स्ट करून प्रिंट करणं आलं, असं करत करत एक रीडिंग ३.३ मिलिसेकंदांपर्यंत जातं. आता २४ ला ५०० ने गुणा आणि ३०० ने भागा. बरोबर ४०. मोटर बरोबर आहे, सेन्सर बरोबर आहे, तुमच्या प्लॉटची आडवी पट्टी चुकीची आहे. एफएफटीला वेळ कळत नाही, तिला फक्त आकड्यांची रांग दिसते, हर्ट्झ आपण बाहेरून चिकटवतो.

आता १२७ आणि २०७, हे जास्त मजेशीर आहे. तुम्ही कमेंटमध्ये चिकटवलेल्या ओळींमधला झेड अक्ष बघा: २५१, २५१, २५१, २३६, २३६, २३६, २५९, २५९, २५९, २५९, २७६, २७६, २७६. एक्स आणि वायसुद्धा त्याच ओळींवर हुबेहूब तसेच रिपीट होतायत. थरथरणाऱ्या मोटरवर तिन्ही अक्ष तीन-तीनदा सारखेच येतील होय? एडीएक्सएल३४५ चा डिफॉल्ट आउटपुट रेट १०० हर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला १०० च नवीन रीडिंग, तुम्ही ३०० वेळा विचारताय, तो बिचारा नवीन काही नसलं की जुनंच परत देतो. त्यामुळे सिग्नलला पायऱ्या पडतात, आणि पायऱ्या पडल्या की १०० वजा २४ म्हणजे ७६ आणि १०० अधिक २४ म्हणजे १२४ ला भुतं उभी राहतात. तुमच्या ताणलेल्या पट्टीवर (५०० भागिले ३०० पट) ७६ चे होतात १२७ आणि १२४ चे २०७. उंचीही जुळते, प्रत्येक सॅम्पल तीनदा आलं तर पहिलं भूत मूळ टोकाच्या साधारण एक तृतीयांश आणि दुसरं एक चतुर्थांश यायला हवं, तुमच्या चित्रात मोजून बघा.

माझ्यावर विश्वास नसेल तर मोटरचा वेग थोडा वाढवा, समजा २६ हर्ट्झ. ४० चं टोक उजवीकडे ४३ ला जाईल पण १२७ वालं उलट डावीकडे, १२३ ला येईल. मोटर जोरात फिरतेय आणि टोक मागे येतंय, असं खऱ्या कंपनात होत नाही. मोटर पूर्ण बंद करून एक प्लॉट काढायची सवय तर असावीच, तेव्हाही जे टोक उरतं ते मोटरचं नाही.

तर मग लो-पासने काय होईल? १२७ आणि २०७ जातील, चित्र छान स्वच्छ दिसेल, आणि ४० तिथेच राहील, उलट आता एकटंच आणि रुबाबात. हाच माझा त्या पोस्टमधला मुद्दा होता. शिवाय १०० हर्ट्झ आउटपुटवर सेन्सर स्वतःच ५० हर्ट्झच्या वरचं कापायला लागतो, म्हणजे तिसरा हार्मोनिक (२४ ची तिप्पट) ७२ ला असला तरी तो तुमच्यापर्यंत धड पोचत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पायथन कितीही लिहा.

शून्यावरचा खांब म्हणजे गुरुत्वाकर्षण. झेडवर कायमचा १ जी बसलाय, या सेन्सरच्या डिफॉल्ट रेंजमध्ये साधारण २५६ काउंट (सेन्सर देतो तो कच्चा आकडा), आणि कंपन आहे जेमतेम २०. सरासरी वजा करा, झालं. फक्त ती विंडोच्या आधी वजा करा, नाहीतर हॅन तो खांब शेजारच्या बिनमध्येही (एफएफटीच्या पट्टीवरच्या कप्प्यात) सांडतो. आणि हॅन लावल्यावर टोक अर्धं झालं अशी जी तक्रार आहे ना, ते तसंच व्हायचं असतं, त्या विंडोची सरासरीच अर्धी आहे, अँप्लिट्यूड हवा तर दोनने गुणायचं.

करायचं काय: आय-टू-सी ४०० किलोहर्ट्झवर न्या, रेटच्या रजिस्टरमध्ये (सेन्सरमधल्या सेटिंगच्या जागेत) डिफॉल्ट १० असतं (दशमानात सांगतोय) तिथे १२ लिहा म्हणजे ४०० हर्ट्झ होतील. डिले काढून टाका. सेन्सरमध्ये ३२ सॅम्पलचा फिफो (रीडिंग रांगेत साठवायची जागा) आहे तो स्ट्रीम मोडवर (भरला तरी जुनं टाकून नवीन घेत राहतो) टाका आणि भरत आला की उपसा, ४०० हर्ट्झवर तो भरायला ८० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात प्रिंट आरामात उरकतं. यात वेळ सेन्सरचं घड्याळ ठरवतं, तुमचा लूप मागेपुढे झाला तरी फिफो ओसंडेपर्यंत फरक पडत नाही. पण ते घड्याळही अगदी काटेकोर नसतं, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या सॅम्पलला मायक्रोसेकंद नोंदवा आणि त्यावरून निघेल तोच रेट एफएफटीला द्या. सगळं आधी रॅममध्ये साठवून मग पाठवायचा विचार असेल तर उनोला (आर३) रॅम २ केबीच आहे, १०२४ सॅम्पल एका अक्षाचेसुद्धा मावणार नाहीत, ५१२ वर भागवा.

आणि सेन्सर दुहेरी टेपने चिकटवलाय असं लिहिलंयत, २४ हर्ट्झसाठी ठीक आहे, पण वरच्या फ्रिक्वेन्सी बघायच्या असतील तर स्क्रूने घट्ट बसवा.

हे करून परत जुळलं नाही तर बिनधास्त इथेच लिहा, फक्त प्लॉटचा स्क्रीनशॉट नको, फाइलच्या पहिल्या वीस ओळी आणि एकूण लागलेला वेळ टाका.