ह्युमॅनिटीज मॅग्नेटचे पत्र आले, पण मुलीला लिहायला आवडते का?

मेरीलँडमधल्या आमच्या मॉन्टगोमेरी काउंटीत पाचवीतल्या मुलांचे मराठी पालक भेटले की बोलणे हमखास मॅग्नेट शाळांवर, म्हणजे एखाद्या विषयाचा खास अभ्यासक्रम चालवून इतर भागांतल्या मुलांनाही घेणाऱ्या सरकारी शाळांवर, येते. गणित-विज्ञानाच्या मॅग्नेटला नंबर लागला असेल तर तोंडभरून अभिनंदन होते, आणि ह्युमॅनिटीजला, म्हणजे भाषा-इतिहासासारख्या विषयांच्या मॅग्नेटला, लागला असेल तर ‘बरं झालं, तेही चांगलंच आहे’ असे समजुतीच्या सुरात म्हटले जाते. सायन्सला प्रवेश मिळाला नाही म्हणून आर्ट्सला गेला, ही दहावीनंतरची जुनी उतरंड आपण सामानाबरोबर इथे आणली आहे. ती मला मान्य नाही. मात्र पत्र आले एवढ्यावरून होकार कळवून टाकणे हेही मला तितकेच अविचारी वाटते.

काउंटीत ह्युमॅनिटीज अँड कम्युनिकेशनचे मॅग्नेट सहावी ते आठवीच्या दोन शाळांत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये, चालते. एक सिल्व्हर स्प्रिंगची ईस्टर्न मिडल स्कूल आणि दुसरी जर्मनटाउनची मार्टिन लूथर किंग ज्युनियर मिडल स्कूल. यांपैकी कोणती आपल्या वाट्याला येणार हे राहत्या भागावरून ठरते. अलीकडच्या काही वर्षांत त्यासाठी वेगळी प्रवेशपरीक्षा नाही. पाचवीतल्या मुलांचे एमएपी या शाळेत होणाऱ्या प्रमाणित परीक्षेच्या वाचनचाचणीतले गुण आणि प्रगतिपुस्तक पाहिले जाते, आणि निकषांत बसणाऱ्या मुलांमधून, म्हाडाच्या घरांची काढावी तशी, सोडत काढली जाते.

या पद्धतीतली एक गोष्ट पालकांच्या नजरेतून सुटते. एमएपीची वाचनचाचणी संगणकावर असते. उतारा वाचायचा आणि दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे. मुलाला तिथे स्वतःचा एकही परिच्छेद लिहावा लागत नाही. पत्र येते तेव्हा आपले मूल चांगले वाचते आणि त्याचे नशीब बरे आहे, एवढेच सिद्ध झालेले असते. ज्या अभ्यासक्रमासाठी ते पत्र असते त्याचा गाभा मात्र लिहिणे हा आहे. एखादा प्रश्न घेऊन महिनोन्‌महिने माहिती जमवायची, तिचा खरेखोटेपणा तपासायचा, मसुदा लिहायचा, शिक्षकांच्या शेऱ्यांनुसार तो मोडून पुन्हा लिहायचा, असे हे काम असते. सी-स्पॅन वाहिनीच्या ‘स्टुडंटकॅम’ या राष्ट्रीय माहितीपट स्पर्धेच्या विजेत्यांत ईस्टर्नची मुले अनेकदा दिसतात. पाच-सहा मिनिटांचा तो माहितीपट पाहताना सोपा वाटतो. पण त्यामागे तज्ज्ञांना ईमेल पाठवून मुलाखतीची वेळ मागणे, नकार पचवणे, आवडते चित्रीकरण विषयाला धरून नाही म्हणून कापून टाकणे आणि गटातल्या चुकारपणा करणाऱ्या सोबत्यालाही सांभाळून घेणे, असे पुष्कळ काही असते.

म्हणून ‘आमची मुलगी खूप वाचते’ हे कारण मला पुरेसे वाटत नाही. जाडजूड अद्भुतकथांचा फडशा पाडणारी, पण अर्धे पान लिहायचे म्हटले की रडकुंडीला येणारी मुले मी पाहिली आहेत. अशा मुलाला तीन वर्षे या कामाला जुंपले तर वाचनाची गोडीही जाण्याची भीती आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत मला खूण पटली ती वेगळ्याच प्रसंगातून. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनने बास्केटबॉलचा खांब काढायचे ठरवले, तेव्हा तिने कोणी न सांगता विरोधाचे पत्र लिहिले, ते स्वतःच नापसंत करून पुन्हा लिहिले, आणि खांब नको असलेल्या शेजारच्या आजींना त्यांचे कारण विचारून तेही पत्रात घातले. (खांब गेलाच, ते असो.) लिहिलेल्याकडे आपणहून परत जाणे आणि विरुद्ध मताबद्दल खरे कुतूहल असणे, या दोन गोष्टी मला कुठल्याही पर्सेंटाइलपेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

गणिताची काळजी करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या मॅग्नेटमध्ये गेल्याने गणित सुटत नाही; अल्जिब्रा वन मिडल स्कूलमध्येच करता येते. याउलट, ‘पुढे हायस्कूलला उपयोग होईल’ हा हिशेबही कच्चा आहे, कारण माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलचा कम्युनिकेशन आर्ट्स प्रोग्रॅम असो वा रिचर्ड माँटगोमेरी हायस्कूलचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम, तिथला प्रवेश स्वतंत्रपणे ठरतो. बसचा लांबचा प्रवास आणि गल्लीतल्या मैत्रिणींपासून तुटणे यांची किंमत मात्र रोज मोजावी लागते, आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती लहान नसते.

शिवाय नाही म्हटले म्हणजे सगळे संपले असेही नाही. निकषांत बसलेल्या मुलांसाठी काउंटीने जवळच्या मिडल स्कूलमध्येही ‘हिस्टॉरिकल इन्क्वायरी इनटू ग्लोबल ह्युमॅनिटीज’ नावाचा वरच्या पातळीचा विषय सुरू केला आहे. तो प्रत्येक शाळेत सारख्याच ताकदीने शिकवला जातो असे मी म्हणणार नाही. ते शिक्षकावर अवलंबून असते. म्हणून माहितीच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा मॅग्नेट आणि घराजवळची अशा दोन्ही शाळांत एकच प्रश्न विचारा: वर्षभरात मुले किती निबंध पुन्हा लिहितात, आणि गुण देण्याआधी शिक्षक त्यांवर शेरे लिहितात का? आम्ही दोन्हीकडची उत्तरे मुलीसमोर ठेवली, तिने मॅग्नेट निवडले. तिच्या जिवलग मैत्रिणीने तीच उत्तरे ऐकून घराजवळची शाळा पसंत केली, आणि तिची जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या मुलासाठी मोकळी झाली.