थंड इंजिनाचे निदान

मोटारीच्या आजारांमध्ये सर्वांत कपटी आजार तो, जो फक्त थंड इंजिनाला होतो. नाशिकच्या हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली माझी पेट्रोल गाडी सकाळी सेल्फ मारताच चालू होते, दोन-तीन गचके देते, डॅशबोर्डसकट मलाही थरथरवते आणि मी गिअरला हात लावतो न लावतो तोच बंद पडते. असे बरेचदा घडल्यावर इंजिन तापते आणि मग तिच्यासारखी सालस गाडी साऱ्या गंगापूर रोडवर नसते. साहजिकच गॅरेजपर्यंत ती पोहोचते ती पूर्ण बरी होऊनच. शिक्षणाधिकारी वर्गात आल्याबरोबर घडाघडा पाढे म्हणणाऱ्या वात्रट मुलाप्रमाणे ती मिस्त्रीसमोर एका लयीत गुरगुरते, आणि मिस्त्री माझ्याकडे करुणेने पाहून म्हणतो, “साहेब, गाडी तर एकदम मक्खन आहे.”

सोसायटीतील निदाने याहून ठाम असतात. प्रत्येकाचे निदान त्याने स्वतः शेवटच्या भरलेल्या बिलाशी तंतोतंत जुळते, हे माझे निरीक्षण आहे. ज्यांनी नुकतीच बॅटरी बदलली त्यांना बॅटरी दिसते, ज्यांनी प्लग बदलले त्यांना प्लग. तळमजल्यावरचे काका तर खिडकीतूनच ओरडतात, “अहो, चोक ओढा, चोक!” या गाडीला चोक नाही, मोटारींमधून पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर गेला तेव्हा तोही गेला. तरी तत्त्वतः काकांचेच बरोबर होते, हे नाइलाजाने नमूद करतो. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि त्यातले बरेचसे इंजिनात शिरण्याआधीच वाटेतल्या थंड भिंतींना चिकटून राहते. त्यामुळे पहिली काही मिनिटे इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल द्यावे लागते. पूर्वी हे काम चोक हवा अडवून करीत असे. आता गाडीतला संगणक कूलंटचे, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या थंडाव्याच्या द्रवाचे, तापमान विचारून ते करतो.

पहिल्या गॅरेजमध्ये प्लग बदलले गेले, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन खरवडला गेला आणि व्हॅक्यूमचा एक कडक झालेला रबरी पाइपही नवा बसला. संशयित सगळे रास्तच होते, परंतु पुरावा कोणाविरुद्धही नव्हता. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवाही पेटत नव्हता.

दुसरा मिस्त्री वयस्कर आणि मितभाषी होता. त्याने बॉनेट उघडण्याऐवजी फर्मान काढले, “गाडी रात्री इथेच राहू द्या. सकाळी मी येईपर्यंत चावीला कोणीही हात लावायचा नाही.” दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मी कानटोपी घालून हजर झालो. त्याने गाडी चालू न करता नुसती चावी फिरवली आणि गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर माझ्यापुढे धरला. आत येणाऱ्या हवेचे तापमान ११ अंश, आणि रात्रभर कुडकुडलेल्या कूलंटचे ६४! ही दोन्ही तापमाने सकाळी जवळपास सारखी असायला हवीत. मग त्याने कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या. या सेन्सरचा विद्युत रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत घटतो. इतक्या थंडीत तो काही हजार ओहम दिसायला हवा, पण जेमतेम पाचशे होता. हा अंगठ्याएवढा सेन्सर इंजिन गरम असल्याची थाप रोज सकाळी मारत होता, संगणक त्यावर विश्वास ठेवून काटकसरीने पेट्रोल सोडत होता आणि इंजिन उपाशी मरत होते. ६४ अंश हे कोणत्याही इंजिनाचे अगदी सभ्य तापमान असल्यामुळे त्यावर संशय घेऊन दिवा पेटवण्याचे संगणकाला कारणच नव्हते.

सेन्सर बदलला. काही शे रुपयांचा तो भाग, म्हणजे आधीच्या खर्चापुढे चिल्लरच. पण दुरुस्ती यशस्वी झाली हे सांगायला मिस्त्री तयार होईना, कारण खात्री पुन्हा थंड इंजिनावरच व्हायची होती, आणि नेमके त्याच रात्री आभाळ भरून आले. किमान तापमान १७ अंशांवर गेले. एवढ्या उबेत बिघडलेली गाडीही कशीबशी चालू राहते, असे त्याचे म्हणणे पडले. जिल्ह्यातल्या थंडीसाठी प्रसिद्ध निफाडचा पारा उतरू द्या, मग बोलू. जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार ढग हटण्याची वाट पाहत होते, त्यांच्यात मी एक बिनबागेचा सामील झालो. बिल मात्र मिस्त्रीने ढगाळ हवामानातच तयार केले.