‘केमो झालंय, दमवू नका’: फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: केमोने हृदय कमकुवत होतं, म्हणून कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांना दमवू नका, इको (हृदयाची सोनोग्राफी) एकदा नॉर्मल आला की चिंता मिटली, आणि व्यायाम करायचाच तर हॉस्पिटलात, घरी नको.

सुरुवात अर्धी खरी आहे, म्हणून पुढचंही पटून जातं. केमोतली डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. एकूण डोस वाढेल तसा धोका वाढतो. छातीवर रेडिएशन झालं असेल तर आणखी. लहानपणी कॅन्सर झालेल्या १४ हजारांवर लोकांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००९) हार्ट फेल्युअरचा धोका भावंडांच्या सुमारे सहापट आढळला. पण केमोची सगळीच औषधं अशी नसतात. आपल्या मुलाला कोणतं, किती दिलं, ते फाइलमध्ये असतं.

मग ‘दमवू नका’ कुठून आलं? बसून राहिल्याने वजन आणि बीपी वाढतं, आणि या औषधांनंतर वाढलेलं बीपी हृदयाला फार महागात पडतं. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांच्या २०१४ च्या अभ्यासात जोमाने, नियमित व्यायाम करणाऱ्यांत हृदयाचे गंभीर त्रास जवळपास निम्मे होते. मुळात धडधाकट असलेलेच जास्त व्यायाम करतात, हा आक्षेप रास्त आहे. तरी आरामाच्या बाजूने एवढाही पुरावा नाही.

इकोचं म्हणणं तर सरळ चूक. इजा कधीकधी दहा-वीस वर्षांनी दिसते. डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, तर साधारण दर दोन वर्षांनी इको करायला सांगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, ते उगाच नाही.

राहिलं घर. घरी म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. आधी तपासणी, ईसीजी, इको, सहा मिनिटं चालण्याची चाचणी. मग ठरवून दिलेलं चालणं, हलकी वजनं, आणि फोनवर विचारपूस. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत वेग. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१९ मध्ये स्थिर प्रकृतीच्या, कमी ते मध्यम धोक्याच्या हृदयरुग्णांसाठी घरच्या व्यायामाचा पर्याय मान्य केला. तो पुरावा बहुतेक हार्ट अटॅकच्या वयस्क रुग्णांचा आहे, हे खरं. पण गडचिरोलीतल्या कॉलेजच्या पोराने आठवड्यातून तीनदा मुंबई गाठायची का?

इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) घसरलेलं, ठोके अनियमित, चालताना छातीत दुखतं किंवा चक्कर येते, अशांच्या व्यायामाची सुरुवात मात्र हॉस्पिटलातच व्हावी. मजकुरातलं तेवढं कलम मान्य.