टीप घाला, टिपं गाळा

मागच्या साथीत ज्या चुका आपण घाईघाईत केल्या, त्या पुढच्या वेळी सवडीने आणि व्यवस्थित करता याव्यात, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि बघता बघता माझ्या ओळखीतली निम्मी माणसं साथरोगतज्ज्ञ झाली. उरलेली निम्मी शिवायला बसली. मी दोन्हींत होतो, तेव्हा माझा अधिकार मोठा आहे.

पहिलं काम म्हणजे माळ्यावरची शिलाई मशीन खाली काढायची. आजीची असेल तर उत्तम. तिच्यासाठी मशीनचं तेल शोधत बसू नका, स्वयंपाकघरातलं घाला. ते काही दिवसांत चिकट होऊन बसतं, मशीन जाम होते आणि शिवणकाम सोडायला चारचौघांत सांगण्यासारखं कारण मिळतं. एवढं करूनही ती चालूच राहिली, तर माझा इलाज नाही. पुढे वाचा.

सुई बदलू नका. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी, असं जाणकार सांगतात. पण मशीनला असलेली सुई आजीने लावलेली आहे. तिच्या टोकाला आता कापडाला भोक पाडण्यापेक्षा कापड आत ढकलण्यात जास्त रस आहे, हे मान्य. तरी घराण्याचा वारसा म्हणून काही असतं की नाही?

दोरा ओवायला मात्र कोणाची तरी मदत घ्या. मला आईने व्हिडिओ कॉलवरून शिकवलं. तिचा फोन कायम छताकडे तोंड करून असायचा, त्यामुळे मला पंखा दिसायचा आणि आवाज आईचा यायचा. "आधी पाय वर घे," पंखा म्हणाला. मी पाय खुर्चीवर घेतला. "घेतलास?" घेतला म्हणालो. "मग आता दोरा त्या चकत्यांतून ने." नेला. टीप मारली. वरून बघावं तर सरळ रेष, कापड उलटं करावं तर सुगरणीने अर्ध्यावर सोडलेलं घरटं. "अरे, मशीनचा पाय रे, माझ्या राजा," आई म्हणाली. तोवर माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

तुमचंही असंच झालं की बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष द्या. सगळेच देतात. खरं म्हणजे खाली गुंता झाला की चूक बहुतेक वेळा वरची असते. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय खाली ठेवून दोरा ओवला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसत नाही आणि मोकाट सुटतो. पण हे एकदा कळलं की दोष आपल्याकडे येतो. बॉबिन बरी, ती उलटून बोलत नाही. थिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने शिलाई मशीन बनवली, तर १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यात घुसून मशिनं फोडून टाकली. पोटावर पाय येईल या भीतीने, असं इतिहासकार म्हणतात. इतिहासकारांनी कधी स्वतः दोरा ओवलेला नसावा.

आता कापड. साथीत दुकानं बंद असणार हे गृहीत धरा आणि घरात नजर फिरवा. घरात कापड भरपूर असतं, फक्त ते चादर, पडदा, उशीचा अभ्रा अशा नावांखाली लपून राहतं. कातरी घेऊन घरातून एक फेरी मारली की कोण कुठे लटकलंय ते कळतं. घरच्यांना आधी विचारू नका. पडद्याला दोन पाय फुटलेले पाहून त्यांना कळेलच. कापलेलं कापड धुऊन घेण्याची घाईही नको. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून जाणती माणसं ते बेतण्याआधी धुतात. तुम्ही शिवून झाल्यावर धुवा. म्हणजे एकाच मेहनतीत तुमचाही शर्ट होतो आणि भाच्याचाही. उभा धागा कोणता, आडवा कोणता, असल्या चौकशा शिंप्यांनी कराव्यात. धागा तिरका धरून बेतलेला पायजमा दोन धुण्यांत पिळा घालून चालू लागला, तर त्याला चाल आहे म्हणा.

मास्कशिवाय साथीतलं शिवणकाम नाही, तेव्हा त्याच्याकडे वळू. मास्कला हसणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, तुम्ही काही पहिले नाही. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येला मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा डॉ. वू लिएन-ते यांनी गॉज आणि कापसाचे मास्क वापरायला लावले. एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना मोडीत काढलं, मास्क न लावता रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच प्लेगने गेले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सॅन फ्रान्सिस्कोने मास्क सक्तीचे केले, तर १९१९ च्या जानेवारीत तिथे मास्कविरोधी संघच उभा राहिला. म्हणजे शंभर वर्षांनी काय होणार याची रंगीत तालीम झालेली होती, आपण फक्त प्रयोग लावला.

निरोगी माणसाने सरसकट मास्क लावावा असं म्हणायला आरोग्य संघटनाही एप्रिल २०२० पर्यंत तयार नव्हती. ५ जूनला तिने कापडी मास्कची घडणच सांगितली: थर तीन, आतला ओलावा शोषणारा सुती, मधला पॉलिप्रॉपिलीनसारखा न विणलेला, बाहेरचा ओलावा न धरणारा, पॉलिएस्टर वगैरेचा. हे सगळं विसरून जा. तुमच्याकडे पडद्याचा एक तुकडा आहे आणि नेमकं नाकावर फूल येतंय. असा योग पुन्हा येत नाही. तयार मास्क दिव्यासमोर मात्र धरून बघू नका. पलीकडचा बल्ब स्वच्छ दिसला की उगाच मन खचतं.

मास्कच्या कडेला तीन चुण्या घालायच्या असतात. कागदावर तीन हा आकडा फारच निरुपद्रवी दिसतो. पण दोन पदरी कापडाला चुणी पडली की सहा पदर होतात, त्यावर दुमडलेली कड, आणि कोपऱ्यात इलॅस्टिकचं टोक. तिथे आजीची सुई पोचली की आधी मशीनचा आवाज जड होतो. माणसाने अशा वेळी थांबून चाक हाताने फिरवायचं असतं, निदान सोळा नंबरची जाड सुई तरी लावायची असते. तुम्ही पायाखालचा जोर वाढवा. 'टक्' असा एक छोटा, अतिशय स्वच्छ आवाज येईल. सुईचं वरचं अर्ध मशीनमध्ये असेल, खालचं अर्ध घरात असेल. घरात म्हणजे कुठे, ते तुम्हाला तीन दिवसांनी अनवाणी चालताना समजेल. टीप घालता घालता टिपं गाळायची वेळ येते ती अशी.

नाकावर तार घालू नका. तार नसली की गरम श्वास वरच्या फटीतून चष्म्यावर जातो, काचा धुरकटतात आणि रस्त्यातली माणसं टाळायला मनाचा मोठेपणा लागत नाही. मी दोन महिने कोणालाच ओळखलं नाही. त्या काळात माझे संबंध सगळ्यांशी उत्तम होते.

शैलीचं म्हणाल, तर साथीने माणसाला कमरेपाशी कापलं. वरचा अर्धा जगाला दिसणारा, खालचा खासगी. वरच्यासाठी शर्ट इस्त्रीचा, निदान कॉलर आणि खिसा तरी इस्त्रीचा. बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचं कापड हमखास निवडा. कॅमेऱ्यात त्यावर अशा लाटा हलतात की समोरचे तुमच्या मुद्द्याऐवजी तुमच्या छातीकडे बघत राहतात, आणि मुद्दा नसेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

यात मी एक प्रयोग केला, तो सांगायलाच हवा. रोज सकाळी बैठकीत प्रत्येकाला विचारायचे, "कसे आहात?" रोज तेच उत्तर द्यायचा कंटाळा आला, म्हणून मी शर्टाच्या खिशावर निळ्या दोऱ्याने, साखळी टाक्याने, 'ठीक' असं भरलं. 'ठ'चं पोट गोल यायला एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा लावला तर अक्षरं उलटी! कोणी काही बोललं नाही, सभ्य माणसं. त्या रात्री मी सगळं उसवलं आणि आरशात बघून, प्रत्येक टाका उलट्या अंगाने घेत, पुन्हा भरलं. सकाळी पडद्यावर बघतो तर 'ठीक' अगदी ठीक. आणि त्याच दिवशी तिघांनी विचारलं की हे कोणत्या लिपीत आहे. आपल्याला आपली स्वतःची खिडकी आरशासारखी उलटी दिसते, इतरांना आपण सरळच दिसतो, ही माहिती मला त्या बैठकीत मिळाली. पहिल्या दिवशी ते सगळ्यांना नीट वाचता येत होतं. 'ठीक' वाचून कोणी पुढे काही विचारलं नव्हतं, इतकंच.

केस घरी कापण्याबद्दल मी काही सांगणार नाही. कापड तरी उसवता येतं.

खालच्या अर्ध्यासाठी पायजमा. शिवायला सगळ्यांत सोपा कपडा, असं ज्यांनी तो शिवलेला नसतो ते सांगतात. जुना पायजमा कागदावर पसरायचा, एका पायाचा आकार काढायचा, वर नेफ्याला जागा सोडायची. एक पाय कापून झाला की कागद उलटा करायचा आणि दुसरा कापायचा. तुम्ही कागद उलटा करू नका. आहे तसाच सरकवा आणि कातरी चालवा, म्हणजे दोन्ही पाय डावे होतील. माझ्या पडद्यावर ढग छापलेले होते. दुसरा डावा पाय उजवा करायला मी कापड पालथं घातलं, तर एका पायावर निळे ढग आणि दुसऱ्यावर ढगांची फिकट पाठ. आईला दाखवला. पंखा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घरात घालायला चांगला आहे." त्या दिवसांत घराबाहेर घालायला कोणाचंच काही नव्हतं, तेव्हा ही मी पसंतीच समजलो. पुढे आसनाची शिलाई उसवली, गुडघा फाटला. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं म्हणतात. मी सांगतो: उजव्या गुडघ्यावर.

राहता राहिलं इलॅस्टिक. मास्कला ते लागतं हे सगळ्या जगाला एकदमच कळलं आणि २०२० च्या त्या पहिल्या महिन्यांत कितीतरी देशांत इलॅस्टिक मिळेनासं झालं. जुन्या टी-शर्टची आडवी पट्टी कापून ताणली तर तिच्या कडा आपोआप गुंडाळल्या जातात, मऊ नाडी तयार होते आणि कानही सोलवटत नाहीत. पण हे इतकं सोपं आहे की करण्यात काही शान नाही. त्यापेक्षा घरात इलॅस्टिक कुठे आहे त्याचा विचार करा. नेफ्याची चार बोटं शिलाई उसवली की ते एका दमात बाहेर येतं, आणि एका कमरेत चार मास्क आरामात बसतात. कोणाची कंबर घ्यायची हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी माझीच घेतली, घरच्यांनी आपापली कपाटं बंद ठेवली होती.

इथे माझी शेवटची सूचना, आणि ही तेवढी खरोखर पाळा. बैठक चालू असेल, कॅमेरा चालू असेल, चौकडी लाटा मारत असेल आणि दाराची घंटी वाजेल. बसून राहा. उठावंच लागलं, तर आधी कॅमेरा बंद करा, बोलणं नंतर. मास्क चढवा. कानांत आहे ते तुमच्याच कमरेचं इलॅस्टिक, पाच वर्षांचं जुनं आणि सैल, तेव्हा मास्क उजव्या हाताने नाकावर धरून ठेवा. पायजमा डाव्या हाताने धरा, घट्ट, ढगांसकट. आणि लक्षात असू द्या, दाराची कडी हाताने काढायची नाही, कोपराने काढायची.