शेपटी पुढे करणारी वाघीण : एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

प्राणिसंग्रहालयातल्या आमच्या वाघिणीकडून भूल न देता तपासणीसाठी रक्त कसे घेतो, यावरचा माझा लेख आपण वाचलात. वाघिणीला मांसाचे तुकडे देऊन रक्त काढू द्यायला शिकवणे ही सर्कसच आहे आणि आजारी पडल्याखेरीज प्राण्याला हातच लावू नये, असे आपण लिहिले आहे. यामागची कळकळ मला पोहोचली, म्हणूनच सविस्तर लिहिते.

दुसरा आक्षेप आधी घेते, कारण माझ्या अनुभवात प्राण्यांचा घात तिथेच होतो. वन्य प्राणी दुखणे लपवतो. जंगलात अशक्त दिसणे जिवावर बेतते, आणि ही सवय पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याच्या अंगीही असते. मूत्रपिंडे बरीचशी निकामी होईपर्यंत वाघ खातो, फिरतो. त्याने खाणे टाकल्यावर आपण धावलो, तर त्याच खंगलेल्या शरीराला तपासणीसाठी भूल द्यावी लागते. हरणाची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण पकडताना झालेल्या धावपळीने व धसक्याने त्याचे स्नायू खचतात आणि काही दिवसांनीही ते दगावू शकते.

आता वाघिणीविषयी. ती जाळीला अंग लावून आडवी होते, खालच्या फटीतून शेपटी बाहेर घेतली जाते, प्राणिरक्षक समोरून लांब चिमट्याने मांस देत राहतो आणि मी केस ओले करून शेपटीच्या कडेची शीर चाचपते. ती मध्येच उठली, तर शेपटी लगेच सोडायची. शिक्षा नाही, रोजच्या मांसात कपात नाही. गेल्या पावसाळ्यात ती सलग चार दिवस उठून गेली आणि चारही दिवस आम्ही रिकाम्या नळीने परतलो. भूक किंवा भीती दाखवून करवून घेतलेल्या खेळात प्राण्याला ही मुभा नसते. मात्र ती माणसाळली असे आम्ही कधीही मानत नाही : हात जाळीच्या आत जात नाही, दुहेरी दारे एका वेळी उघडत नाहीत आणि एकट्याने कोणीही काम करत नाही.

शिवाय प्रतिबंधक काळजीचा मोठा भाग प्राण्याला न शिवताच होतो : विष्ठेची तपासणी, नव्या प्राण्याचे विलगीकरण, खाद्यावर लक्ष. 2004 मध्ये थायलंडमधील एका व्याघ्र उद्यानात कच्च्या कोंबड्यांतून बर्ड फ्लू शिरला आणि 441 पैकी 147 वाघ मेले किंवा मारावे लागले.

भुलीचा धोका मी मूळ लेखात दोन ओळींत उरकला, हा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. पोट रिकामे नसेल तर उलटी श्वासनलिकेत जाऊन प्राणी दगावू शकतो, ही बाब आज मी लेखात जोडली आहे.