मुंगसं सोडून साप संपत नाहीत. जपानमध्ये संपत आला होता तो ससा

पावसाळा तोंडावर आला की रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात एक मेसेज फिरू लागतो: 'जपानने एका बेटावर मुंगसं सोडून विषारी साप संपवले. मुंगूस फक्त साप आणि उंदीर खातं. खर्च शून्य. आपणही विकत आणून शिवारात सोडू या.' सापाची भीती खोटी नाही. रात्रीच्या लाईटवर मोटर चालू करून अंधारात पाणी भरणाऱ्याला ती विचारा. म्हणूनच या मेसेजचा मला राग येतो.

'साप संपवले.' साफ खोटं. बेट मात्र खरं आहे, अमामी ओशिमा. हाबू या विषारी सापाच्या बंदोबस्तासाठी १९७९ साली तिथे सुमारे ३० मुंगसं सोडली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडणार कधी? हाबू आजही त्या बेटावर आहे. आपल्याकडची मण्यारही रात्रीच अंथरुणात शिरते, तेव्हा मुंगूस बिळात झोपलेलं असतं.

'फक्त साप आणि उंदीर खातं.' मुंगूस मिळेल ते खातं: किडे, बेडूक, सरडे, अंडी, पिल्लं. अमामीवर त्याच्या तावडीत अमामी ससा सापडला. काळपट रंगाचा, आखूड कानांचा हा ससा जगात फक्त अमामी ओशिमा आणि शेजारच्या तोकुनोशिमा या दोन बेटांवर आहे. तिथे मूळचा एकही शिकारी सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे अशा शत्रूपासून पळण्याची त्याला सवयच नाही. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं. ती ते वेगळ्या बिळात ठेवते, बिळाचं तोंड मातीने लिंपून टाकते, मग एखाद रात्रीआड येऊन माती उकरते, दूध पाजते आणि पुन्हा लिंपून जाते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवापुढे आपण मुंगसं सोडली, तर काय होणार? त्यांच्या विष्ठेत सशाचे केस सापडले. मुंगसं जिथे पसरली तिथून ससा नाहीसा होत गेला. जंगलतोड आणि मोकाट कुत्र्या-मांजरांचाही त्यात वाटा होता. २००३ च्या अंदाजात अमामीवर २,००० ते ४,८०० ससे उरले होते.

'खर्च शून्य.' त्या ३० ची २००० सालापर्यंत सुमारे १०,००० मुंगसं झाली. २००५ मध्ये त्यांना पकडायला खास पथक उभं राहिलं. हजारो सापळे, कॅमेरे, वासावर माग काढणारी कुत्री. शेवटचं मुंगूस एप्रिल २०१८ मध्ये सापडलं, आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर सुमारे ३२,००० मुंगसं पकडली गेली. माणसाने नेऊन सोडलेल्या त्या जनावरांचा तरी काय गुन्हा होता?

'एका सशापायी एवढं?' असंही कुणीतरी लिहितं. हो, एवढं. मुंगसं कमी होत गेली तसा ससा परतला. आता अमामीवर त्यांची संख्या १०,००० च्या वर असल्याचा अंदाज आहे. केलेली चूक निस्तरायला माणसं दोन दशकं झटली, याचं मला मनापासून मोल वाटतं.

उरतो एक रास्त प्रश्न: मुंगूस आपल्या खानदेशात मूळचंच आहे, मग सोडलं तर बिघडलं काय? मूळचंच आहे, आणि सापही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दोघं एकाच शिवारात राहतात, कुणी कुणाला संपवलेलं नाही. बांधावरची झुडपं पेटवली नाहीत तर मुंगूस न बोलावता राहतं. विकत मिळणारं मुंगूस कुठल्यातरी रानातून पकडलेलंच असणार, आणि मुंगूस पकडणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

सापापासून वाचायचं तर रात्री पाणी भरताना टॉर्च आणि गमबूट हवेत. झोपायला खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. घराजवळ धान्य सांडू देऊ नका, उंदीर आले की मागोमाग साप येतो. आणि चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.